पूर्वीच्या सहवाशाची धमकी व कायद्याचे अभय

शेजारी वाईट निघाला तर मनुष्य कुंपण उंच करतो. भाडेकरू वाईट निघाला तर वकिलाची पायरी चढतो. परंतु जो काल-परवापर्यंत आपल्याच छपराखाली जेवला-निजला, ज्यास आपल्या जाण्यायेण्याच्या वेळा, किल्ल्या ठेवण्याची जागा, आपल्या आप्तांची घरे आणि आपल्या भीतीची ठिकाणे हे सर्व पाठ आहे, असा मनुष्य घर सोडून गेल्यावर, अथवा आपण त्याचे घर सोडल्यावर, धमक्या देऊ लागला तर काय करावे? या प्रश्नास आपल्या सुशिक्षित घरांतून बहुधा एकच उत्तर मिळते. ‘सुटलात ना आता त्याच्यापासून? मग कशाला वाढवता?’ असे म्हणून वडील मंडळी वर्तमानपत्र उघडतात, आणि जिच्यावर प्रसंग गुदरला आहे ती आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेते.

या उत्तराचा एकदा पुरता विचार करावा, असे आमच्या मनात पुष्कळ दिवस होते. आम्ही ज्या वसई तालुक्यात राहतो तेथेच या विषयाचे एक दारुण उदाहरण घडून गेले आहे. ते साऱ्या देशास ठाऊक आहे. तथापि त्यातील जो भाग आपल्यासारख्या घरांनी लक्ष देऊन वाचावयास हवा होता तो फारसा कोणी वाचला नाही, असे आमचे मत आहे.

पापडीहून वसई रोड स्थानक गाठावे आणि विरारकडे जाणाऱ्या गाडीत बसावे, म्हणजे पुढचेच स्थानक नालासोपारा. तेथील तुळींज पोलीस ठाण्यात २३ नोव्हेंबर २०२० रोजी श्रद्धा वालकर या वसईच्या तरुणीने स्वहस्ते लिहिलेला एक अर्ज दिला. ज्या तरुणाबरोबर ती राहत होती तो आपणास सहा महिने मारहाण करीत आहे. आज त्याने आपला श्वास कोंडून जीव घेण्याचा प्रयत्न केला. मारून तुकडे करून फेकून देईन असे तो भय घालतो. त्याच्या आईबापांस हे ठाऊक आहे. भीतीमुळे आजवर पोलिसांकडे येण्याचे धैर्य झाले नाही, असा त्या अर्जाचा आशय होता. शेवटी तिने असेही लिहिले होते की, यापुढे आपली त्याच्याबरोबर राहण्याची इच्छा नाही, तेव्हा आपणास काही इजा झाल्यास ती त्याच्याकडूनच झाली असे समजावे.

यापेक्षा स्पष्ट अर्ज कोणी लिहावा? आम्ही चाळीस वर्षे मुलांकडून निबंध लिहवून घेतले. मनातील गोष्ट इतक्या थोडक्या शब्दांत आणि इतक्या सरळपणे मांडणारी मुले आम्हांस फार थोडी आढळली.

पुढे काय झाले? महिनाभराच्या आत तिने लेखी जबाब दिला की, आमच्यातील भांडण मिटले आहे आणि आता तक्रार नाही. अर्ज निकालात निघाला. दोघे पुन्हा एकत्र राहू लागली आणि मे २०२२ मध्ये दिल्लीस मेहरौली येथे गेली. तेथे १८ मे २०२२ रोजी तिचा खून झाला, असे पोलिसांचे म्हणणे आहे. पाच महिने कोणास काही कळले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिच्या पित्याने आमच्या जवळच्या माणिकपूर पोलीस ठाण्यात मुलगी बेपत्ता असल्याची तक्रार नोंदविली; नोव्हेंबरात त्या तरुणास अटक झाली; जानेवारी २०२३ मध्ये साडेसहा हजारांहून अधिक पानांचे आरोपपत्र दाखल झाले, आणि ९ मे २०२३ रोजी दिल्लीच्या साकेत न्यायालयाने त्याच्यावर खून करणे व पुरावा नष्ट करणे हे आरोप निश्चित केले. त्याने ते नाकारले आहेत. दोष कोणाचा हे सांगणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या पित्याचेही वसईत निधन झाले. मुलीच्या अंत्यविधीसाठी तिचे अवशेष आपल्या हाती यावेत एवढेच त्यांचे मागणे राहिले होते. ते पुरे झाले नाही.

या प्रकरणाभोवती धर्माचा आणि प्रेमविवाहाचा गलबला पुष्कळ झाला. त्यात आम्हांस शिरावयाचे नाही. हात उगारणाऱ्याचा धर्म पाहून मार कमीअधिक लागत नाही, आणि ज्या अर्जाविषयी आम्ही बोलत आहोत तो कोणत्याही दोन नावांमध्ये जसाच्या तसा लिहिता आला असता. आम्हांस विचार करावयाचा आहे तो त्या अर्जानंतरच्या महिन्याचा.

‘भांडण मिटले’ हे दोन शब्द आपल्या समाजास अतिशय प्रिय आहेत. परंतु ते कोणी, कोठे बसून, कोणाच्या देखत लिहिले, हे विचारण्याची आपणास सवय नाही. जिला जीव घेण्याची धमकी मिळाली तीच जर ‘धमकी नाही’ असे लिहून देऊ लागली, तर शहाण्या मनुष्याने त्या कागदाकडे धमकीचाच पुढचा अंक म्हणून पाहावयास हवे. शिवाय, श्वास कोंडून जीव घेण्याचा प्रयत्न हा आरोप पती-पत्नीच्या किंवा मित्र-मैत्रिणीच्या कुरबुरीत मोडत नाही. तो दखलपात्र गुन्हा होय. त्यात वादी सरकार असते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी यांच्या खटल्यात असे सांगितले आहे की, मिळालेल्या माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर पोलिसांनी तो नोंदविलाच पाहिजे. एकदा गुन्हा नोंदला की तक्रार देणारीने ‘मिटले’ म्हटल्याने तो आपोआप मिटत नाही. तुळींजच्या अर्जाचा गुन्हा नोंदला गेला नाही. तो अर्जच राहिला, म्हणूनच तो इतक्या सहज परत घेता आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये हा अर्ज उजेडात आल्यावर तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीही, त्या वेळी कारवाई झाली असती तर कदाचित पुढचे टळले असते, अशा आशयाचे उद्गार काढून चौकशी करण्याचे सांगितले होते. पोलिसांचे म्हणणे असे की, चौकशी झाली होती, पण मुलीनेच तक्रार मागे घेतली. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, आणि त्यातच सारी मेख आहे.

आता कायद्याकडे वळू. अनेक घरांची अशी समजूत आहे की, लग्न झालेले असेल आणि स्त्री नांदत असेल तरच कायदा तिच्या बाजूस उभा राहतो; लग्नावाचून राहिली, किंवा घर सोडून निघाली, की तिचे ती पाहून घेईल. ही समजूत २६ ऑक्टोबर २००६ पासून तरी चुकीची ठरली आहे. त्या दिवशी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा अंमलात आला. त्याच्या दुसऱ्या कलमात ‘कौटुंबिक नाते’ या शब्दाची व्याख्या आहे. आम्ही जन्मभर व्याकरण शिकविले असल्यामुळे ती वाचताना आमची दृष्टी प्रथम क्रियापदाच्या काळाकडे गेली. ज्या दोन व्यक्ती एका घरात एकत्र राहतात, ‘किंवा कोणत्याही काळी एकत्र राहिल्या आहेत’, त्यांचे नाते, असा त्या व्याख्येचा भाव आहे. वर्तमानकाळ आणि भूतकाळ हे दोन्ही कायदा करणाऱ्यांनी जाणूनबुजून शेजारी शेजारी बसविले आहेत. घर सुटले तरी नाते कायद्याच्या दृष्टीने संपत नाही, कारण भय संपत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आम्हांस तर वाटते की, या साऱ्या कायद्यात त्या एका भूतकाळाइतके मोलाचे दुसरे काही नसेल.

तसेच त्या व्याख्येत रक्ताचे, लग्नाचे आणि दत्तकाचे नाते येते, एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आप्तांचे नाते येते, आणि ‘विवाहसदृश नाते’ही येते. विवाहसदृश कशास म्हणावे, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी यांच्या खटल्यात खुलासा केला. दोघे सज्ञान असावीत, कायद्याने विवाहास पात्र असावीत, स्वखुशीने बराच काळ एकत्र राहिलेली असावीत, आणि लोकांत पती-पत्नीप्रमाणे वावरलेली असावीत. चार दिवसांची गाठभेट यात बसत नाही. समोरचा पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असून त्याच्याबरोबर राहिलेल्या स्त्रीस २०१३ च्या इंद्रा सरमा यांच्या खटल्यात हे संरक्षण मिळू शकले नाही, हेही आम्ही लपवून ठेवीत नाही. त्या मर्यादा सोडल्या तर दार उघडे आहे. २०२२ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की, या कायद्याखालील अर्जास एक वर्षाच्या मुदतीची अडचण येत नाही. आणि १२ मे २०२२ रोजी प्रभा त्यागी यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, अर्ज करतेवेळी ती स्त्री त्या घरात राहत असलीच पाहिजे असे नाही, पूर्वी राहिलेली असली तरी पुरे. मेहरौलीच्या घटनेची म्हणून जी तारीख सांगतात तिच्या सहाच दिवस आधीचा हा निर्णय आहे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी मागे आम्हांस या कामी बोलाविले होते. त्यांची मुलगी नोकरीच्या गावी दोन वर्षे एका तरुणाबरोबर राहून, मार खाऊन, माहेरी परत आली होती. गृहस्थ सज्जन, पण त्यांची मान खाली. ते म्हणाले, ‘मास्तर, लग्न झालेले असते तर मी उजळ माथ्याने चौकीवर गेलो असतो. आता तेथे काय सांगू? ही त्याची कोण लागते?’ मुलगी शेजारीच बसली होती. तो फोनवरून शिवीगाळ करतो का, असे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, ‘नाही हो सर. तो आवाजसुद्धा चढवीत नाही. मी आज कोणत्या गाडीने आले आणि कोणत्या डब्यात बसले होते, एवढेच सांगतो आणि फोन ठेवतो.’ हे ऐकून आजी म्हणाल्या, ‘मग धमकी ती कुठली त्यात?’ त्या माउलीस आम्ही काय सांगावे! धमकीचा तो सर्वांत पक्का प्रकार होय. असा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्या खेपेस तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे, आणि तो दखलपात्र आहे. शिवी असलीच पाहिजे अशी कायद्याची अट नाही.

त्या मुलीचा अर्ज वसईच्या न्यायालयात गेला. हा अर्ज कोठे करावा, याबद्दलही घरोघरी गोंधळ असतो. सत्तावीसाव्या कलमाप्रमाणे ती स्त्री जेथे तात्पुरती का होईना राहत असेल तेथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तो करता येतो. म्हणजे जेथे छळ झाला त्या परक्या गावी पुन्हा जाण्याचे कारण नाही, माहेरचे न्यायालय चालते. अर्ज तिने स्वतः करावा, किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कोणी, किंवा सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने करावा. वकिलाच्या खर्चाची सबब पुढे करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाने कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळण्याचा अधिकार आहे. त्याची विचारपूस १५१०० या क्रमांकावर होते. पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांच्या आत पडावी आणि प्रकरण साठ दिवसांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात साठाचे किती होतात, हे न्यायालयाच्या ओसरीत बसलेल्यांस विचारावे! परंतु म्हणूनच तेविसावे कलम मोलाचे आहे. केवळ प्रतिज्ञापत्राच्या आधारे, समोरच्याची वाट न पाहता, न्यायाधीशांस अंतरिम एकतर्फी आदेश देता येतो. वकिलाने तो पहिल्याच दिवशी मागितला आहे की नाही, एवढे घरच्यांनी आवर्जून विचारावे.

अठराव्या कलमाचा हा संरक्षण आदेश म्हणजे काय, तेही सांगतो. त्या मनुष्याने हिंसा करू नये, तिच्या नोकरीच्या जागी येऊ नये, तिच्याशी समक्ष, पत्राने, फोनने वा अन्य कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नये, आणि जे आप्त तिला साहाय्य करीत आहेत त्यांसही उपद्रव देऊ नये, असे त्यात घालता येते. शेवटचा मुद्दा आपल्या एकत्र कुटुंबांनी विशेष वाचावा. कारण ‘आपण मध्ये पडलो तर तो आपल्यावर उलटेल’ हीच भीती काका-मामांस मागे ओढीत असते. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून, केवळ त्या स्त्रीच्या साक्षीवरही तो झाला असे न्यायालयास ठरविता येते. आदेशाची प्रत तिला फुकट मिळते आणि पोलीस ठाण्यासही पाठविली जाते.

त्या मुलीस अंतरिम आदेश मिळाल्यावर आठच दिवसांत त्या तरुणाचे वडील बंधू पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्या वडिलांकडे आले. ‘काका, झाले गेले विसरून जाऊ. तो तुम्हांला लिहून देईल, पुन्हा तोंड दाखविणार नाही म्हणून. तुम्ही तेवढा अर्ज काढून घ्या.’ गृहस्थ पाघळले होते. आम्ही त्यांस इतकेच म्हणालो की, अण्णा, लिहून देतो म्हणतात ते उत्तमच आहे. त्यांनी ते न्यायाधीशांसमोर लिहून द्यावे, आणि आदेश तसाच ठेवून त्यात ती हमी नोंदवावी. पाहुणे पेढे ठेवून निघून गेले, आणि लिहून देण्याची गोष्ट पुन्हा त्यांनी काढली नाही. सामोपचारास आमचा विरोध नाही. परंतु जो सामोपचार दिवाणखान्यात होतो त्यात मोडल्याची शिक्षा फक्त मुलगी भोगते. न्यायालयासमोर जो होतो तो मोडणाऱ्यास तुरुंग दिसतो. तुळींजच्या अर्जास मिळाले नाही ते हेच.

एकत्र कुटुंबांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावयास हवी. हा कायदा केवळ नवराबायकोंचा आहे असे समजू नये. वाटण्या झाल्यावर वेगळा राहणारा दीर जर विधवा भावजयीस ‘या घरात कशी राहतेस ते पाहतो’ असे म्हणत असेल, वा घर सोडून गेलेला पुतण्या म्हाताऱ्या काकूस दारात येऊन धमकावीत असेल, तर त्याही याच कायद्याचा आश्रय घेऊ शकतात. एके काळी एका चुलीवर जेवलेली माणसे ती. पूर्वी यात प्रतिवादी सज्ञान पुरुषच असावा लागे. मुंबईच्या हरसोरा कुटुंबाच्या खटल्यात ६ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द काढून टाकले. तेव्हापासून छळ करणारी जाऊ किंवा नणंद असली तरी चालते. हे सांगताना आम्हांस आमच्याच पिढीच्या काही मातोश्री डोळ्यांपुढे दिसतात; पण ते असो.

राहता राहिले ते सहवासी, ज्यांचे कोणतेच नाते नाही. दोन मित्र एका खोलीत भाड्याने राहतात, पैशावरून बिनसते, एक जण निघून जातो आणि दुसऱ्यास ‘बाहेर भेट, हातपाय मोडतो’ म्हणून कळवितो. वसई-विरारच्या नव्या इमारतींतून आपली नोकरीपेशा मुले अशाच रीतीने राहतात. मुलांस वरील कायदा लागू नाही, आणि केवळ मैत्रिणी म्हणून एकत्र राहिलेल्या दोन मुलींसही नाही. त्यांच्यासाठी न्याय संहितेचे ३५१ वे कलम आहे. साध्या धमकीस दोन वर्षांपर्यंत आणि जीव घेण्याच्या किंवा जबर दुखापतीच्या धमकीस सात वर्षांपर्यंत कारावास त्यात सांगितला आहे. परंतु गंमत अशी की, सात वर्षांचा हा गुन्हाही केंद्राच्या पत्रकात अदखलपात्र म्हणून लिहिलेला आहे. म्हणून पोलीस ठाण्यात ज्यास ‘एन.सी.’ म्हणतात ती नोंद करून मुलाच्या हाती कागद देतात, आणि तो कागद खिशात घालून मुलगा त्याच खोलीवर परत जातो. दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावाचून पोलिसांस त्याचा तपास करता येत नाही, हे त्या बिचाऱ्यास कोणी सांगितलेलेच नसते.

तेथे थांबू नये. त्या नोंदीच्या आधाराने ‘चॅप्टर केस’ करण्याची लेखी विनंती करावी. हे नाव जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील शांतता राखण्याच्या प्रकरणावरून पडले. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १२६ वे कलम त्या जागी आहे. कार्यकारी दंडाधिकारी त्या मनुष्यास बोलावून, एक वर्षापर्यंत शांततेने वागण्याबद्दल बंधपत्र लिहून घेऊ शकतात.

ही कल्पना परकीयांनी आणली असे कोणास वाटत असेल तर त्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये म्हैसूरहून तो ग्रंथ छापला तेव्हापासून तो सर्वांस उपलब्ध आहे. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात वाक्पारुष्याचा अध्याय आहे, आणि त्यात निंदा व अपशब्द यांच्या जोडीस अभिभर्त्सन, म्हणजे धमकी, हा वेगळा प्रकार मोजला आहे. तेथील विवेक पाहण्याजोगा आहे. ज्याच्या अंगी इजा करण्याची ताकद नाही आणि जो रागाच्या किंवा मद्याच्या भरात बोलून गेला, त्यास बारा पण दंड करून सोडावे. परंतु ज्याच्या मनात वैर आहे आणि ज्याच्या हाती अपकार करण्याचे सामर्थ्यही आहे, त्याच्याकडून दुसऱ्याच्या सुरक्षिततेबद्दल जन्मभराची हमी घ्यावी. आमच्या आजच्या संहितेने ती हमी एक वर्षावर आणून ठेवली आहे. धमकी किती मोठ्याने दिली यापेक्षा ती देणारा कोण, त्याचे वैर किती जुने आणि त्याचा हात कोठवर पोहोचतो, हे पाहण्याची दृष्टी मात्र त्या जुन्या ग्रंथकारापाशी होती. पूर्वीच्या सहवाशाचा हात सर्वांत लांब पोहोचतो, हे आम्ही आरंभीच सांगितले आहे.

विलायतेत या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. तेथील १९९६ च्या कौटुंबिक कायद्यात, जी माणसे एका घरात राहतात किंवा राहिली आहेत ती सर्वच, नाते असो वा नसो, स्त्री असो वा पुरुष, संरक्षण मागू शकतात. केवळ भाडेकरू, खाणावळी किंवा नोकर म्हणून राहिलेले तेवढे वगळले आहेत. २००७ च्या जुलैपासून असा आदेश मोडणे हा तेथे पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. ज्यांची मुले शिकावयास तिकडे गेली आहेत त्यांनी हे त्यांस कळवून ठेवावे. आपल्याकडेही ही उणीव भरून निघावी असे आम्हांस वाटते. एकत्र राहण्याच्या रीती पालटल्या. खोली वाटून घेणारे दोन परके तरुण आता आपल्या घरातलेच आहेत.

पुराव्याबद्दल दोन शब्द. फोनवरील संदेश वाचून संताप येतो आणि आई म्हणते, ‘काढून टाक ते घाणेरडे!’ तसे कदापि करू नये. ज्या फोनात संदेश आला तो फोन जपून ठेवावा. छापील प्रत न्यायालयात देताना साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील करून देतात. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या क्रमांकावरून काय म्हटले, याची एका वहीत शाईने नोंद करावी. पोलिसांस दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि ती प्रत घरातील आणखी एका मनुष्यापाशी ठेवावी. प्रसंग हातघाईवर आला असेल तर ११२ हा क्रमांक फिरवावा. स्त्रियांसाठी १८१ आहे. पोलीस ‘ही आमची हद्द नाही’ म्हणू लागले तर त्यांस सांगावे की, दखलपात्र गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदविता येतो, हे आता संहितेच्या १७३ व्या कलमातच आहे. ठाणेदाराने नोंदविण्याचे नाकारल्यास तोच मजकूर वरिष्ठांस टपालाने पाठवावा आणि तरीही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडचे ऐकले असेल तर त्यांसही २००५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे संरक्षण अधिकाऱ्यास कळविता येते, आणि सद्भावाने कळविणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

आणि जर घरातील मुलगी एके दिवशी येऊन म्हणाली की, ‘बाबा, मी तक्रार मागे घेते, आमचे मिटले,’ तर तिच्यावर न रागावता तिला एकटीला जवळ बसवून एवढेच विचारावे: हे वाक्य तुला कोणी सुचविले, आणि आज रात्री तू कोठे निजणार आहेस?

पोटभाडेकरू व ‘पेइंग गेस्ट’ यांच्याकडून होणाऱ्या उपद्रवाबद्दल दोन वाचकांची पत्रे आली आहेत. त्यांचा विषय भाडेनियंत्रण कायद्याचा असल्यामुळे त्याचा परामर्श पुढील अंकी घेऊ.